न फिरणारी तबकडी

डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्लीत १९९२ ते २००३ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, आणि गणपती उठले की दिवाळी अंकांची हस्तलिखितं. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला पहिला २८६ संगणक मी अजून टाकलेला नाही. बायकोच्या मते याचं कारण निव्वळ आळस.

दोन वर्षांपूर्वी कल्याणहून एक बाई आल्या. त्यांचे वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आसपासच्या गावांतून भातशेतीचे आणि खाडीचे शब्द गोळा केले होते: राब, आवण, खाजण, उघाडी. १९९४ साली ती यादी माझ्याकडे टाइप झाली, पण पैशांअभावी पुस्तिका निघाली नाही. वही २६ जुलै २००५च्या पुरात गेली. ‘‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना अजून?’’ बाईंनी विचारलं.

असायला हवी होती. पण सीगेटची ती ४० मेगाबाइटची एसटी-२५१ डिस्क कण्हली आणि थांबली.

या डिस्कचं घराणं १९८० सालचं. सीगेटने (तेव्हाची शुगार्ट टेक्नॉलॉजी) ५ मेगाबाइटची एसटी-५०६ काढली आणि तिची जोडणीची पद्धत पुढे बहुतेक पीसींनी उचलली. एक ३४ तारांची रुंद पट्टी, एक २० तारांची अरुंद. या डिस्का फार अडाणी असतात. फाइल म्हणजे काय, सेक्टर म्हणजे काय, त्यांना काही ठाऊक नसतं. कंट्रोलर कार्ड सांगतं, ‘एक पाऊल आत सरक.’ डिस्क सरकते आणि डोक्याखालून जे चुंबकीय ठोके जातील ते तारेवर सोडत राहते. अर्थ लावायचं काम कार्डाचं.

म्हणूनच तिची नक्कल अवघड. तबकडी मिनिटाला ३६०० फेरे घेते आणि सेकंदाला ५० लाख बिट देते, म्हणजे एका बिटाला २०० नॅनोसेकंद. मागच्या पिढीतल्या मॅकिंटॉशच्या स्कझी डिस्कचं बरं असतं. तिथे मागणं आणि पोच असा संवाद असतो, त्यामुळे डिस्कला ‘जरा थांब’ म्हणता येतं आणि साधा रास्पबेरी पाय तिचं सोंग वठवू शकतो. आमच्या डिस्कला थांबण्याची सोय नाही. लिनक्स चालवणारा प्रोसेसर मध्येच दुसऱ्या कामाला लागला की कार्डाला चूक दिसणार. आठ-अकराची फास्ट लोकल आपल्यासाठी थांबत नाही, तसंच.

यावरचा तोडगा अमेरिकेतल्या डेव्हिड गेस्वाइन यांनी काढला. बीगलबोन या तळहाताएवढ्या संगणकात मुख्य प्रोसेसरशिवाय दोन छोटे प्रोसेसर असतात. त्यांच्यावर लिनक्सची सत्ता चालत नाही. त्यांची एक आज्ञा ५ नॅनोसेकंदांत पुरी होते, म्हणजे प्रत्येक बिटामागे ४० आज्ञांची सवड. त्यांनी ठोके मोजायचे आणि सोडायचे, एवढंच. लाइट गेली तर पाटीवरचे मोठे कपॅसिटर बीगलबोनला नीट बंद होण्यापुरता वेळ देतात. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष आवडली.

तीच पाटी आधी खरी डिस्क वाचते. मोटर चिकटली होती. डिस्क हातात धरून मनगटाला हलका झटका दिला, तेव्हा फिरली. खराब ट्रॅक पन्नास-पन्नासदा वाचले. तीन सेक्टर हटून बसले, बाकी सारं उतरलं.

मग फाइल लॅपटॉपवर उघडायची की! उघडली. पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा.

इथे दोष आमच्या धंद्याचा आहे. मराठी अक्षरांसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१मध्ये आलं होतं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड त्याच कुळातलं, आणि युनिकोडची देवनागरीही इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरून बेतलेली. त्या सांकेतिक लिपीत टाइप केलं असतं तर आज अर्ध्या तासाचं काम होतं. पण आम्हाला छपाई देखणी हवी होती. म्हणून आम्ही फॉन्टवाल्यांच्या मागे गेलो आणि प्रत्येक फॉन्टवाल्याचे संकेत निराळे. त्यांत अक्षरं नव्हतीच, अक्षरांचे तुकडे होते. ‘कि’ म्हणजे आधी वेलांटी, मग क. रफार अक्षराच्या नंतर. १९०९ सालचा ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक हाती आला तर डोळ्यांनी वाचता येतो. १९९४ची माझी फाइल तिच्या फॉन्टशिवाय कुणालाच वाचता येत नाही.

तो फॉन्ट त्याच डिस्कवर होता, पण प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय त्याचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. जुना पीसी लॅपटॉपमध्ये आभासी रूपात चालवता येतो, हे खरं. पण डोंगल खोचायचं कुठे? तेव्हा जुनं यंत्रच उठवायला हवं होतं आणि त्याला डिस्क हवी होती.

बीगलबोन दोन पट्ट्यांनी कार्डाला जोडला. २८६ला काही कळलं नाही. विंडोज ३.१ नेहमीसारखंच रखडत आलं. फक्त घरघर नव्हती, तेवढं चुकल्यासारखं वाटलं. मग एकेक संकेत पडद्यावर आणून कोणत्या आकड्याला कोणता तुकडा, ते वहीत लिहिलं. दोनशेच्या आसपास भरले. भाच्याने त्यावरून छोटा प्रोग्राम लिहिला आणि यादी युनिकोडमध्ये आली. रकार दोन जागी उलटे पडले होते, ते हाताने सुधारले.

वाचता न आलेल्या तीन सेक्टरांपैकी दोन रिकाम्या जागेतले निघाले. तिसरा यादीतला. त्यात ५१२ संकेत, म्हणजे ‘म’चे शेवटचे आणि ‘र’चे पहिले मिळून पंधराएक शब्द. ‘राब’ त्यानंतर लगेच येतो, तो राहिला. गेलेल्या शब्दांसाठी बाई आता वडिलांच्या ओळखीच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारत असतात. परवा फोनवर म्हणाल्या, चार सापडले.