नाळेतली वाट बंद होताना

गॅलेनच्या शिरेची विकृती हा मेंदूतला दुर्मीळ जन्मदोष. यात धमन्यांतले रक्त केशवाहिन्यांना वगळून थेट एका फुगलेल्या शिरेत घुसते. गंभीर बाळाच्या पहिल्या दोन दिवसांत काय घडू शकते, त्याचा हा घटनाक्रम. बाळ कल्पित आहे, त्याचा जन्म उरणच्या प्रसूतिगृहात झाला असे धरले आहे.

तास ०
वजन ३ किलो, रडणे खणखणीत. गर्भात रक्ताचा मोठा वाटा वारेकडे जात होता. नाळ कापली आणि मेंदूतल्या दोषावरचा ओघ वाढला. नाळेतल्या दोन धमन्या काही मिनिटांतच आकसतात. तरीही पहिले एक-दोन दिवस कुशल हाताला त्यांतून बारीक नळी महाधमनीत आणि तिथून वर मेंदूकडे नेता येते.

तास ६
धाप लागते, दूध ओढवत नाही, यकृत वाढलेले. संशय जंतुसंसर्गाचा. अँटिबायोटिक सुरू.

तास १२
इकोत हृदयाची रचना ठीक, पण ते ताणलेले. टाळूवर स्टेथोस्कोप ठेवताच रक्ताचा घोंघाट ऐकू येतो. टाळूवरून केलेल्या डॉपलरमध्ये दोष सापडतो.

तास १६
ॲम्ब्युलन्स निघते. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडी जवळ आणतो. हाताला सलाइन आहे, पण बेंबीच्या धमनीत नळी नाही. कुणाला सुचलेच नाही.

तास २०
एनआयसीयू. हृदय, मेंदू, श्वसन, यकृत आणि मूत्रपिंड यांना बिसेत्र पद्धतीने २१ पैकी गुण देतात. ८ च्या खाली उपचार सहसा करत नाहीत. ८ ते १२ असतील तर तातडीने करतात. त्याहून जास्त असतील तर औषधांवर काही महिने थांबतात. बाळाला १३. औषधे सुरू.

तास ३६
लघवी थांबते. गुण ११. कॅथलॅब तयार करा.

तास ४४
बेंबीची धमनी उघडत नाही. उरते जांघेतली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ४ फ्रेंच नळीच १.३ मिलिमीटर जाड, शीथ त्याहून जाड. अंगात रक्त अवघे पाव लिटर. सूक्ष्म नळीतून गोंद सोडून काही वाटा बुजवल्या जातात. हृदयावरचा भार उतरतो.

तास ४८
पाय गार, पांढरा. पावलाची नाडी लागत नाही. धमनी आकसून गुठळी झाली आहे. हेपारिन सुरू होते. पाय वाचला तरी धमनी कायमची बंद राहिल्यास तो आखूड वाढू शकतो. शिवाय उपचार टप्प्याटप्प्याने होतो, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा वाट शोधणे आले.

शेवटच्या तिमाहीच्या सोनोग्राफीत मेंदूच्या मध्यभागी काळी पोकळी दिसली, तर रंगीत डॉपलर लावल्याशिवाय तिला साधी गाठ म्हणू नका. दोष आधी कळला, तर नवजात मेंदूच्या उपचारांची सोय आहे तिथेच प्रसूती करा. जन्मानंतर कळला, तर गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन लावा आणि पहिला प्रश्न बेंबीच्या धमनीचा विचारा.