गाळाचा हिशेब

मुंबईच्या काही नावांत अजून पाणी आहे. उमरखाडीत आज खाडी शोधायला जाल तर दाटीवाटीची घरे भेटतील. पायधुणीला पाय धुवावेत असा ओहळ नाही. पण सात बेटांच्या काळी भरतीचे पाणी तिथवर येई आणि वाटसरू चिखलाचे पाय तिथे धुऊन पुढे जाई, असे सांगतात. 1784च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत वरळीची खिंड बांध घालून बुजविली आणि समुद्र बाहेर राहिला. त्याच्याबरोबर त्याची झाडलोटही बाहेर राहिली, हे मात्र पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

झाडलोटच म्हणायची ती! भरती गढूळ पाणी घेऊन आत येते, घटकाभर थबकते आणि तेवढ्यात गाळ खाली बसतो. त्यात पाणी खारे असले की मातीचे कण एकमेकांना बिलगतात आणि लवकर तळ गाठतात. पाण्यात तुरटी फिरविणाऱ्या गृहिणीला हे समजावून सांगायला नको. मग ओहोटी लागते आणि बसलेल्यातला बराचसा गाळ ओढून नेते. पाण्याला पसरायला आत जितकी जागा, तितका परतीचा ओढा जोराचा. जागा भराव टाकून आवळली की ओहोटी मलूल होते आणि केरसुणी कोपऱ्यात पडून राहते.

मिठी नदीचे हेच झाले. विहार आणि पवई तलावांचे सांडपाणी, म्हणजे भरून वाहणारे पाणी, घेऊन ती सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाशी 1845 साली माहीमचा रस्ता झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी देणगी दिली. नावेने जीव मुठीत धरून खाडी ओलांडणाऱ्यांनी त्यांना दुवाच दिला असेल. त्या बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. पुढच्यांना मात्र लावता येईल. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळविले, पात्रात झोपड्या आणि कारखाने आले, वांद्रे-कुर्ल्याच्या खाजणावर भराव पडून टोलेजंग कचेऱ्या उठल्या. शहरातल्या कित्येकांना ही नदी आहे हेच ठाऊक नव्हते. नाला म्हणत, आणि नाल्याला जे द्यायचे ते देत.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच दुपारची भरती. नदीला समुद्राने घेतले नाही, म्हणून ती कुर्ल्यात, कलिन्यात माणसांच्या घरांत शिरली. शेकडो माणसे दगावली. त्यानंतर माधवराव चितळे समितीने चौकशी केली, मिठीसाठी प्राधिकरण निघाले, आणि दर उन्हाळ्यात गाळ उपसण्याचे काम मोठ्या गाजावाजाने होऊ लागले.

आता उपसलेला गाळ मोजायचा कसा? वजनावर पैसे द्यावेत, तर ओला गाळ म्हणजे पुष्कळसे पाणीच. खेपा मोजाव्यात, तर लॉरीत काय भरले होते ते कोणी पाहावे? दूधवाल्याशी मापावरून हुज्जत घालणाऱ्या आम्हा संसारी माणसांना ह्या व्यवहारातली मेख तेव्हाच कळते. काटे आले, छायाचित्रे आली, चलच्चित्रणही आले. तरीसुद्धा मे 2025 मध्ये मिठीच्या गाळाच्या कामात सुमारे 65 कोटी रुपयांचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवील.

पात्रात मोठी यंत्रे उतरतात. घरांच्या मागल्या अंगाने जाणाऱ्या अरुंद गटारांत त्यांचा हात पोचत नाही. तिथे फावडे आणि घमेले घेऊन माणूसच उतरतो. वरून प्लास्टिकच्या पिशव्या, फाटक्या गाद्या, नारळाच्या करवंट्या, आणि दिवाळीच्या साफसफाईत आपण बाहेर काढलेली अडगळ. हे सारे काठावर आले की काही दिवस वाळायला ठेवतात, कारण ओले नेणे परवडत नाही. लॉरी यायच्या आत वळवाची एखादी सर आली, तर त्यातला निम्माशिम्मा पुन्हा गटारात उतरतो, आणि घमेले पुन्हा भरावे लागते.