अकुशलमूल

अकुशलमूल (पाली : अकुसलमूल) : दुःखाकडे नेणाऱ्या कर्मांची मुळे. लोभ, द्वेष (पाली : दोस) आणि मोह अशी ती तीन आहेत. यांच्या उलट अलोभ, अद्वेष आणि अमोह ही कुशलमुळे. मज्झिमनिकायातील सम्मादिट्ठिसुत्तात सारिपुत्त आधी हिंसा, चोरी, खोटे बोलणे अशी अकुशल कर्मे मोजतो आणि मग त्यांच्या मुळाशी असलेल्या या तिघांची नावे घेतो. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धाला विचारले होते, की एवढ्या उपदेशकांपैकी खरे कोणाचे मानावे? तेव्हाही बुद्धाने कसोटी म्हणून हीच तीन मुळे पुढे केली. लोभ, द्वेष किंवा मोह मनात उपजला तर माणसाचे भले होते की वाईट, एवढेच त्याने त्यांना विचारले.

दुःखाच्या कारणाची बौद्ध वाङ्मयात आणखी दोन उत्तरे आहेत. चार आर्यसत्यांपैकी दुसरे सत्य, म्हणजे समुदय, तृष्णेकडे बोट दाखवते. ही तृष्णा तीन प्रकारची : कामतृष्णा, भवतृष्णा (असण्याची) आणि विभवतृष्णा (नसण्याची). प्रतीत्यसमुत्पादाची बारा कड्यांची साखळी मात्र अविद्येपासून मोजली जाते. अभ्यासकांनी यावर पुष्कळ काथ्याकूट केला आहे. लोभ हे तृष्णेचे आणि मोह हे अविद्येचे कर्मात उतरलेले रूप मानले, तर तिन्ही उत्तरे एकमेकांत बसतात. द्वेष उरतो, तो हवे ते न मिळाल्याचा किंवा नको ते वाट्याला आल्याचा.

मराठी वाचकाला या संज्ञांच्या ओळखीच्या रूपांनीच चकवा बसतो. मराठीत लोभ हा हावेखेरीज जिव्हाळाही आहे. जुन्या पत्रांचा शेवट ‘लोभ असावा’ असाच होई. मोह म्हणजे आपल्याकडे भुरळ, पालीत मात्र भ्रांती, वस्तू आहे तशी न दिसणे. पालीतील निदान म्हणजे कारण. मराठीत ते वैद्याकडे गेले. उलट पाली ‘तण्हा’ आणि मराठी ‘तहान’ हे दोन्ही शब्द तृष्णेपासूनच आले आहेत. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरसारख्या कोरडवाहू तालुक्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मूळ या शब्दाचेही तसेच. धम्मपदाच्या तण्हावग्गात तृष्णेला वीरण गवताची उपमा आहे : पाऊस पडला की फोफावणारे, आणि वाळा हवा असणाऱ्याला मुळापर्यंत खणून काढावे लागणारे. झाड तोडले तरी मूळ शाबूत असेल तर ते पुन्हा फुटते, असाही दाखला तिथे येतो. हराळी आणि कुंद्याशी झगडलेल्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. वरवरच्या खुरपणीने काय होते, ते तो दर पावसाळ्यात पाहतो.

या मुळांच्या चित्ररूपाचा धागाही मराठवाड्यातच सापडतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर, भवचक्र (जन्ममरणाचे चाक) रंगवलेले आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे लेणे त्याच्या एका मांडलिकाने कोरवले. चाक धरणारे मोठे हात आणि चाकाचा काही भाग दिसतो, बाकीचे बरेच झडले आहे. सुरुवातीच्या युरोपीय प्रवाशांना ते राशिचक्र वाटले. असे चक्र विहाराच्या दाराशी काढावे, असे मूलसर्वास्तिवादी विनयात आणि दिव्यावदानात सांगितले आहे : राग (आसक्ती) कबुतराच्या, द्वेष सापाच्या आणि मोह डुकराच्या रूपात. पुढे तिबेटी चित्रांत कबुतराच्या जागी कोंबडा आला. दाराशीच का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्रंथ न उघडता कळावे म्हणून.

ही मुळे केवळ एकट्या माणसाच्या मनातली आहेत का, हा प्रश्न महाराष्ट्रात विसाव्या शतकात नव्याने ऐरणीवर आला. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा बाजूला सारली. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधाराने त्यांनी गृहत्यागाचे कारण भोवतालच्या भांडणांत शोधले. शाक्य आणि कोलिय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा अट्ठकथांमध्ये (पाली टीकाग्रंथांत) येतो. त्याचा तपशील गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल : जेठ महिना, पिके माना टाकू लागलेली, पाणी एकाच काठाला पुरेल एवढे, आणि ‘एक पाळी मिळाली तर आमचे पीक हाती येईल’ असे दोन्हीकडचे मजूर म्हणतात. मग शिवीगाळ, मग हाणामारी, मग जातकुळीचा उद्धार, शेवटी सैन्य. अट्ठकथेत बुद्ध झाल्यावर गौतम हा तंटा मिटवतो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये (१९५७, मरणोत्तर) तोच गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला.

याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात आंबेडकरांनी चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत का, अशी शंका घेतली. जन्मच दुःख असेल तर धर्म माणसाला आशा कोणती देणार, हा त्यांचा आक्षेप. दुःखाचे अस्तित्व त्यांनी नाकारले नाही. माणसाने माणसाशी केलेल्या अन्यायाला त्यांनी कारणांमध्ये मुख्य जागा दिली. थेरवादी परंपरेतून यावर टीका झाली. ती शब्दार्थाच्या बाजूने बिनचूक असली, तरी ज्यांना पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या तहानेला केवळ आसक्ती म्हणता येत नाही, हे ती विसरते.

आणि खुद्द पाली ग्रंथांतही ही सामाजिक बाजू आहे. दीघनिकायातील महानिदानसुत्तात एक आडवाट येते : तृष्णेपासून शोध, शोधापासून लाभ, लाभापासून निवड, मग आसक्ती, परिग्रह, कंजूषी, राखण आणि राखणीपायी काठ्या, शस्त्रे, कलह, खोटेपणा. मनात सुरू झालेली साखळी बांधावरच्या भांडणापाशी येऊन थांबते. आंबेडकरांनी या सुत्ताचा आवर्जून उपयोग केला. चक्कवत्तिसीहनादसुत्त उलट्या टोकाने येते. गरिबांना धन न मिळाल्याने दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी, त्यातून शस्त्रे आणि हत्या. कूटदन्तसुत्तातला पुरोहित तर राजाला सांगतो, की लुटारूंना शिक्षा करून लूट थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे आणि चारा, व्यापाऱ्यांना भांडवल आणि चाकरांना वेतन द्यावे. बदनापूरचे नाव परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या तेथील संशोधन केंद्रामुळे आणि ‘बीडीएन’ मालिकेतल्या तुरीच्या वाणांमुळे शेतकऱ्यांत पोहोचले आहे. अशा गावात हे सुत्त वाचताना बियाण्याचा उल्लेख नजरेआड होत नाही.

बदनापूर जालन्याच्या पश्चिमेला, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावर आणि मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यातच होता. याच औरंगाबादला १९५० मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. भिक्षू नागसेनाला प्रश्नांनी भंडावणाऱ्या ग्रीक राजाचे हे नाव आहे. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस हे पुढे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या मराठी अनुवादकांपैकी एक झाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर हा ग्रंथ मराठवाड्यातल्या वस्त्यांत पोहोचला, तो मुख्यतः मराठीतून. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावच्या विहारांत संध्याकाळी त्याचे क्रमाने वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात; रोहिणीच्या पाण्याचे प्रकरण पहिल्या काही दिवसांतच येते, नेमके खरिपाला पाऊस लागतो तेव्हा.

विहारातल्या वाचनाची ही एक धारा; दुसरी इगतपुरीहून आली. स. ना. गोएंका यांच्या विपश्यना शिबिरांत (धम्मगिरी, १९७६ पासून) सगळा भर वेदना आणि तृष्णा यांच्यामधल्या सांध्यावर असतो : शरीरावर उठलेली संवेदना नुसती पाहायची, तिला हवे-नकोचे उत्तर द्यायचे नाही. तिथे मुळावर घाव घालण्याची जागा प्रत्येकाचा स्वतःचा देह आहे. विहारातल्या वाचनात ती जागा गावचा पाणवठाही असते.