शब्द ओळखीचा, अर्थ परका

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत मराठी आणि गुजराती कुटुंबे पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहत आली आहेत. तरीही दोन्ही भाषांतील काही शब्द सारखे दिसून चकवतात. मराठीत 'अपघात' म्हणजे दुर्घटना. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या. तेथील 'आप' म्हणजे स्वतः. अपघाताला गुजराती माणूस 'अकस्मात' म्हणतो, जे मराठीत केवळ 'एकाएकी' आहे.

उच्चारातील फरक एका कान्याचा. मात्र धावत्या लोकलमधून पडून मृत्यू झाल्यास त्याचे मोल मोठे ठरू शकते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार अशा अपघातात नुकसानभरपाई मिळते, आत्महत्या असल्यास मिळत नाही. जबाब देणारा गुजराती आणि लिहून घेणारा मराठी असेल, तर हा शब्द पुन्हा विचारून घेतलेला बरा.

सौम्य प्रसंगही आहेत. शेजारीण 'नवरी छे?' असे विचारते, तेव्हा तिला लग्नाची चौकशी करायची नसते. 'मोकळी आहेस का?' एवढेच तिला म्हणायचे असते.

हिंदीशी गोंधळ अधिक, कारण लिपीही एकच. हिंदीत 'शिक्षा' मिळणे भाग्याचे, मराठीत नामुष्कीचे. हिंदीतील 'चेष्टा' हा प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'यातायात' म्हणजे हिंदीत वाहतूक, मराठीत दगदग; अंधेरीच्या रस्त्यांवर दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. वृत्तपत्राच्या कचेरीत 'संविधान संशोधन'ची 'घटनादुरुस्ती' करावी लागते, कारण मराठीत 'संशोधन' प्रयोगशाळेत चालते.

'राजीनामा' या फारसी शब्दाची कथा निराळी. मूळ अर्थ संमतिपत्र. उत्तरेकडील न्यायालयांत तो तडजोडीचा लेख राहिला. मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरील हक्क सोडताना जो लेख देई, त्यालाही राजीनामा म्हणत. आज मराठीत तो पद सोडण्यासाठी दिला जातो.

एकाच मुळातून निघालेल्या मलय आणि इंडोनेशियन भाषांतही हेच घडले. 'बुदाक' म्हणजे मलेशियात लहान मूल, इंडोनेशियात गुलाम. 'पर्चुमा' मलयमध्ये विनामूल्य, इंडोनेशियनमध्ये व्यर्थ. आपला 'फुकट' मात्र हे दोन्ही अर्थ एकट्यानेच सांभाळतो.