खाजकुइलीची शेंग

अंबाडी नाक्यावर एसटीतून उतरा आणि वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागा. जानेवारी आहे, कुंपणावर चढलेल्या वेलाच्या शेंगा वाळल्यात. हात लावू नका! लावलात? मग ती तपकिरी कूस बोटांत रुतलीच म्हणायची. खाजवा आता. राख चोळा, असं सांगणारं कोणीतरी भेटेलच. शेंग रुमालात धरून फोडा. आत काळी, तुळतुळीत बी. ती मुठीत आवळा.

१९३७, मद्रास. दामोदरन आणि रामस्वामी खाजकुइलीच्या याच बियांतून लेव्होडोपा वेगळं काढतायत. पुढे कंपवाताचं औषध होणार आहे ते, पण अजून कोणाच्या ध्यानीमनी नाही.

१९५७, स्वीडनमधलं लुंड. पिंजऱ्यात ससा निपचित पडलाय, कान लोळलेले. त्याला रेसरपिन दिलंय, म्हणजे आपल्या सर्पगंधेतलंच द्रव्य. त्यानं मेंदूतलं डोपामिन आटलं. मग डोपामिनच टोचा की, असं तुमच्या ओठावर येईल. टोचून उपयोग नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट चिकटलेल्या असतात, की डोपामिन दारातूनच परत फिरतं. म्हणून अर्विड कार्लसन सुईत भरतात ते लेव्होडोपा. ते पडलं अमिनो आम्ल. जेवणातली अमिनो आम्लं मेंदूत पोचवणारी वाहक प्रथिनं त्या भिंतीतच असतात. ती यालाही घरचंच समजून आत घेतात. आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. घड्याळ बघा. पंधरा मिनिटांत कान उभे! भिंत फोडायला कोणी गेलंच नाही, याचंच मला अप्रूप.

१९७८च्या मुंबईत पायरीवरच थांबा, पण बघून घ्या: डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना हीच बी देऊन पाहिलीय.

आणि परत अंबाडी. दिवेलागण. ओटीवर म्हातारबाबा, उजव्या हाताचा अंगठा सारखा बोटावर घोळतोय.

“बाबा, गोळी घेतलीत?”

“जेवल्यावर घेतो गं.”

“जेवल्यावर नाही, अर्धा तास आधी. डॉक्टर काय म्हणाले?”

सूनबाईंचं बरोबर आहे. वरणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं त्याच दाराशी गर्दी करतात आणि औषध मागे राहतं. गोळीत कार्बिडोपाही आहे, लेव्होडोपाचं वाटेतच डोपामिन होऊ नये म्हणून. तुमच्या मुठीतली बी मात्र खलबत्त्यात घालू नका. आपल्यात औषध किती, हे बी सांगत नाही.

बाबा गोळी गिळतात. सूनबाई वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवते. तुम्ही अजून बोटं खाजवताय.