रौप्यसंपत्तीचे मूल्यमापन : मेक्सिकोच्या खाणी आणि नंदुरबारचे दागिने

दोन देशांच्या रौप्यसंपत्तीची तुलना करताना सामान्यतः खाणींतील उत्पादनाचे आकडे शेजारी मांडले जातात. या पद्धतीने मेक्सिको आणि भारत यांची तुलना दोन वाक्यांत संपते. मेक्सिकोतील झाकातेकासची चांदी १५४६ मध्ये सापडली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील टांकसाळ वर्षाला दोन कोटींहून अधिक पेसो पाडत होती. भारतात राजस्थानातील जावरसारख्या खाणींत चांदी निघते ती मुख्यतः शिसे व जस्त यांच्या सोबतीने. परंतु भारताने चांदी खणण्यापेक्षा साठवली अधिक, आणि हा साठा मोठ्या प्रमाणात सामान्य कुटुंबांच्या अंगावर होता. आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा प्रदेश या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

सुरत-बुऱ्हाणपूर हा मोगलकालीन व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. अमेरिकेतील चांदी युरोपमार्गे सुरतेस उतरे, तेथे तिचे रुपये पाडले जात आणि कापूस, कापड व नीळ यांच्या मोबदल्यात ते आतल्या मुलखात पसरत. सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांत चांदीच्या हासळ्या, तोडे, करदोटे आणि रुपयांच्या माळा हीच बचत ठरली.

या बचतीचे मूल्य कशावर अवलंबून होते, हा कळीचा मुद्दा आहे. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन होता व त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन सुमारे दोन टक्के खर्च सोसून तिचे रुपये करून घेऊ शके. त्यामुळे त्याच कसाचा दहा तोळ्यांचा दागिना म्हणजे व्यवहारात जवळजवळ दहा रुपये. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात लोकांनी विकलेले दागिने मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणावर आले, ते याच सोयीमुळे.

१८७१-७३ मध्ये जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, अमेरिकेने चांदीच्या डॉलरची मुक्त नाणेपाडणी बंद केली आणि चांदी उतरू लागली. लंडनमध्ये १८७२ साली औंसाला सुमारे ६० पेन्स असलेला भाव १९०० च्या सुमारास २८ पेन्सवर आला. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. पुढे रुपया १६ पेन्सला स्थिर झाला. रुपयातील चांदी मात्र लंडनच्या भावाने साडेदहा पेन्सांच्याच आसपास होती. म्हणजे वाहतूक व जकात बाजूला ठेवली, तर तोळाभर दागिन्याचे सोळा आण्यांऐवजी साडेदहा आणे. शेतसारा आणि सावकाराचे देणे तेवढे पूर्ण रुपयांतच राहिले.

याच स्थितीत १८९९-१९०० चा दुष्काळ आला; शेजारच्या गुजरातेत तो संवत १९५६ वरून ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो. खानदेशालाही त्याची झळ तीव्र होती. दागिना विकण्याची वेळ आली तेव्हा टांकसाळीचे दार बंद होते आणि भाव सराफ ठरवीत होता. कलकत्ता व लंडन येथील चलनविषयक चर्चेत विनिमय दर आणि ‘होम चार्जेस’ यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे या नुकसानीला मिळाले नाही. चलन-इतिहासाच्या लेखनातही ती तळटीपेतच राहिली आहे.

मेक्सिकोची बाजू वेगळी होती. भाव पडत असतानाही तेथील उत्पादन १८७० च्या दशकाच्या आरंभापासून १९०० पर्यंत जवळजवळ तिप्पट झाले. सोन्याच्या मापाने वाढ दीडपटीपेक्षाही कमी भरते. तरीही अधिक खणून घट भरून काढण्याचा मार्ग त्या देशाला, निदान तेथील खाणमालकांना, उपलब्ध होता. १९०५ मध्ये मेक्सिकोनेही सुवर्णमान स्वीकारले. साठवलेल्या चांदीला असा मार्ग नव्हता.

नंदुरबारच्या संदर्भात एक बारकावा मात्र नोंदवावा लागतो. हासळी आणि रुपयांची माळ वजनाने सारखी असली, तरी १८९३ नंतर त्यांचे मूल्य सारखे राहिले नाही. माळेतील रुपया ओवण्यासाठी भोक पाडून विद्रूप केलेला नसेल, तर तो सोळा आण्यांनाच चाले. भोक पडले की तो पुन्हा नुसती चांदी होई.