पिवळी ज्योत, निळी ज्योत

लालबागच्या पत्त्यांत आजही ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव येते. सिलिंडरची एजन्सी समजून कोणी तिथे गेले, तर फसगत व्हायची. नाव एकोणिसाव्या शतकातले आहे. बॉम्बे गॅस कंपनीच्या इथल्या कारखान्यात दगडी कोळसा बंद भट्ट्यांत तापवला जाई आणि त्यातून निघणारा वायू जमिनीखालच्या नळांनी शहरात पोहोचे. ऑक्टोबर १८६५ मध्ये भेंडीबाजार, चर्चगेट स्ट्रीट आणि एस्प्लनेड रोडवर हे दिवे प्रथम लागले, तेव्हा दिवे लावणाऱ्यांच्या मागोमाग बघ्यांची गर्दी चालत होती.

त्या दिव्यांची ज्योत पिवळी होती, आणि ती पिवळीच हवी होती. हवा अपुरी पडली की ज्योतीत कार्बनचे सूक्ष्म कण तापून उजळतात. रस्त्यावर पडे तो त्यांचा उजेड. स्वयंपाकाला उजेड काय करायचा? तिथे हवी उष्णता. १८५५च्या सुमारास हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांनी जळण्यापूर्वीच वायूत हवा मिसळणारा बर्नर वापरात आणला. ज्योत निळी झाली, काजळी गेली. गच्चीवरचा गॅस बार्बेक्यू याच तत्त्वावर चालतो.

तेव्हा बार्बेक्यूची ज्योत पिवळी पडून पनीर काळे होऊ लागले, तर तुमच्या शेगडीचा १८६५चा दिवा झाला आहे! दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो: बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे, नाहीतर छिद्रांत साचलेले तेल-मसाला. सिलिंडर बंद करून, बर्नर थंड झाल्यावर नळी बारीक ब्रशने साफ करावी. जेटच्या छिद्रात मात्र सुई खुपसू नये. ते रुंदावले की वायू जास्त येतो आणि ज्योत आणखी पिवळी होते.

जेटचे माप वायूगणिक वेगळे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसचा नळ घरात येतो तेव्हा शेगडीचे जेटही बदलावे लागतात, कारण तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत एलपीजीपेक्षा उष्णता कमी असते. सिलिंडरचा बार्बेक्यू तसाच नळाला जोडणे म्हणूनच चुकीचे.

गळतीचेही तसेच. लालबागचा वायू हवेहून हलका होता, वर निघून जाई. एलपीजी जड, तो कठड्याच्या आत साचतो, जिन्यावरून खाली उतरतो. त्यामुळे पेटवण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे वाढू लागले, तर व्हॉल्व्ह बंद. त्या दिवशी बार्बेक्यू नाही.